महाधमनीतला चुना

कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपर्यंत सकाळी चालत जायचे आणि नदीकाठी थोडे बसून परत यायचे, हा निवृत्तीनंतरचा माझा नेम होता. २०१९ च्या पावसाळ्यानंतर या नेमात खंड पडू लागला. अर्ध्या वाटेवर दोन्ही पोटऱ्या आणि कमरेखालचा मागचा भाग भरून येई, दोन मिनिटे उभे राहिले की रग ओसरे, आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा तीच रग लागे. मी ३४ वर्षे पाटबंधारे खात्यात होतो. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नसेल तर त्याच्या शेतात दोष शोधण्यात अर्थ नसतो, अडथळा वर कुठेतरी असतो, हे मी नोकरीत असंख्य वेळा सांगितले असेन. स्वतःच्या पायांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट मला चार वर्षे सुचली नाही.

सुचली नाही याचे एक कारण असे की निदान फार लवकर आणि फार सोपे मिळाले. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी कमरेचा एक्स-रे काढून ‘मणक्यात गॅप आहे, नस दबली आहे’ असे सांगितले आणि आमच्या वयाच्या माणसाला हे वाक्य इतके ओळखीचे असते की त्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. कमरेला पट्टा आला, ट्रॅक्शन झाले, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबत थांबत तीन वर्षे चालल्या. मणक्यात नस दबलेल्या माणसाला नुसते उभे राहून आराम पडत नाही, त्याला बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते, आणि असा माणूस सायकल मात्र बराच वेळ चालवू शकतो. रक्तपुरवठा कमी पडणाऱ्याला जागच्या जागी उभे राहिले तरी पुरते. हा फरक मला पुढे पुण्यात समजला. पट्टा लावून मी दर दोनशे पावलांवर विजेच्या खांबाला टेकून उभा राहत होतो आणि बरे वाटत होते, म्हणजे उत्तर माझ्या चालण्यातच होते.

दुसरी फसगत एका आरोग्य शिबिरात झाली. मला मधुमेह आहे हे ऐकून तिथल्या तंत्रज्ञाने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून दोन्हींचे गुणोत्तर काढले. ते ०.९ च्या खाली गेले तर पायाच्या धमन्यांचा आजार आहे असे मानतात. माझे डाव्या पायाचे १.०४ आणि उजव्याचे १.१० आले, म्हणून कागदावर ‘नॉर्मल’ असा शिक्का बसला. वास्तविक हे यंत्र धमनी बाहेरून दाबून बंद करायला किती दाब लागतो एवढेच मोजते. धमनीची भिंतच कॅल्शियमने कडक झाली असेल, तर ती दबत नाही आणि आत रक्त कमी असूनही आकडा चांगला येतो. मधुमेह्यांमध्ये हे नेहमी घडते, आणि अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. मापक यंत्र कशाचे माप देते हे न विचारता आकडा स्वीकारायचा नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा होता. त्या दिवशी मी तो विसरलो.

२०२३ च्या श्रावणात नवीन कोल्हापुरी चपलेच्या अंगठ्याने डाव्या पायाला घासून जखम झाली. ती तीन आठवडे भरली नाही, तिच्या कडा काळसर होऊ लागल्या आणि रात्री पाऊल इतके ठणकू लागले की मी पलंगाच्या कडेवरून पाय खाली सोडून झोपायला लागलो. पाय लोंबता ठेवला की दुखणे कमी होई. जवळच्या एका डॉक्टरांनी ‘रक्ताभिसरणासाठी’ म्हणून सिलोस्टॅझॉलच्या गोळ्या दिल्या. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गणपतीला घरी आला, त्याने जखम पाहिली आणि विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मला पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे नेले.

त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला आडवे करून दोन्ही जांघांत बोटे टेकवली. तिथे नाडी लागायला हवी होती, ती लागली नाही. चार वर्षांत चार डॉक्टरांनी मला तपासले होते, पण जांघेत बोट कोणीही ठेवले नव्हते. त्यांनी मग अंगठ्याचा दाब मोजून घेतला, तो डाव्या बाजूला २४ आला. ३० च्या खाली हा दाब गेला की जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी राहते, आणि पाय वाचवायचा असेल तर रक्त पोहोचवण्याखेरीज मार्ग नसतो, असे त्यांनी सांगितले. औषधांची यादी वाचताना ते सिलोस्टॅझॉलवर थांबले. २०११ साली माझी हृदयाची बायपास झालेली आहे आणि हृदयाची पंप करण्याची क्षमता ३५ टक्क्यांवर आलेली आहे. हृदय अशक्त असणाऱ्याला हे औषध देऊ नये असा स्पष्ट नियम असल्याने त्यांनी ते तिथल्या तिथे बंद केले.

सीटी अँजिओग्राफीच्या पडद्यावर मला माझी महाधमनी प्रथम दिसली. हृदयातून निघालेली ही मुख्य वाहिनी मूत्रपिंडांच्या खाली साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते आणि बेंबीच्या पातळीवर तिला दोन फाटे फुटून एकेक पायाकडे जातो. कराडला कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन मिळतात, इथे त्याच्या उलट एकीच्या दोन होतात. माझ्या बाबतीत या फाट्याच्या जरा वर पांढरेशुभ्र खडक आत घुसल्यासारखे दिसत होते आणि रक्ताला जायला जेमतेम पाच मिलिमीटरची वाट उरली होती. डावा फाटा जवळजवळ बंद होता आणि उजवा बराचसा. सीटीत हाड पांढरे दिसते तितकाच हा थर पांढरा दिसत होता, कारण तो ज्या खनिजाचा बनतो तेच खनिज हाडातही असते. फ्रेंच शल्यचिकित्सक रने लरीश यांनी या जागी महाधमनी बंद झालेल्या रुग्णांची लक्षणे १९४० मध्ये एकत्र मांडली, म्हणून त्या लक्षणसमूहाला त्यांचे नाव आहे.

डॉक्टरांनी जुना एक्स-रेही मागवून घेतला होता. मणक्याच्या पुढे तुटक पांढरी रेघ २०१९ च्या त्या फिल्मवरही होती, आणि अहवालाच्या शेवटच्या ओळीत महाधमनीच्या भिंतीत कॅल्शियम दिसत असल्याची नोंदही होती. ती ओळ मीही वाचली होती आणि हाडांच्या अहवालात कॅल्शियमचा उल्लेख असणारच, असे समजून सोडून दिली होती.

नातेवाइकांना मात्र कारण लगेच सापडले. मी तिशीपासून सिगारेट ओढत असे आणि मधल्या काळात तंबाखूही खात असे, आणि तंबाखू चुन्याबरोबर मळतात, तेव्हा ‘तोच चुना धमनीत जाऊन बसला’ असा निष्कर्ष आमच्या मेव्हण्यांनी काढला. डॉक्टर हसले, पण त्यांनी उत्तर नीट दिले. खाल्लेला चुना किंवा दुधातले कॅल्शियम धमनीत साचत नाही. मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचे आजार यांमुळे धमनीच्या भिंतीतल्या पेशी हळूहळू हाड तयार करणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि जागच्या जागी तो थर घडवतात. म्हणजे दोष चुन्याचा नव्हे, त्याच्याबरोबरच्या तंबाखूचा आणि त्याहून अधिक सिगारेटचा होता. बायपासनंतर मी दोन्ही सोडले, पण ३० वर्षांचा हिशोब तेवढ्याने मिटत नाही.

आता उपाय काय करायचा, हा प्रश्न आला, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला हाच भाग सर्वांत अवघड होता. पोट उघडून महाधमनीपासून दोन्ही जांघांपर्यंत कृत्रिम नळी शिवणे, ही या आजारावरची जुनी आणि सर्वांत टिकाऊ शस्त्रक्रिया आहे. ती माझ्यावर का करता येणार नाही, हे डॉक्टरांनी दोन टप्प्यांत सांगितले. पहिला मुद्दा हृदयाचा. नळी शिवताना महाधमनीला चिमटा लावून प्रवाह थांबवावा लागतो, त्या क्षणी हृदयाला एकाएकी मोठ्या रोधाविरुद्ध पंप करावा लागतो आणि चिमटा काढला की रक्तदाब कोसळतो. कालव्याचे गेट झटक्यात पाडले तर वरच्या बाजूला पाण्याचा काय धक्का बसतो, हे पाहिलेल्या माणसाला यापुढे समजावण्याची गरज नव्हती. दुसरा मुद्दा भिंतीचा. इतक्या कडक भिंतीला चिमटा लावला तर ती दबत नाही, अंड्याच्या कवचासारखी फुटते, आणि तिच्यातून सुईही जात नाही. यात अशक्त मूत्रपिंडांची भर होती. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसतील तर वाढणारा आकडा, १.७ होते. तीन वर्षांच्या वेदनाशामक गोळ्यांनी या आकड्याला हातभार लावला असावा, असेही ते म्हणाले.

काखेतल्या धमनीपासून त्वचेखालून दोन्ही जांघांपर्यंत लांब नळी टाकायची, म्हणजे महाधमनीला हात लावायचा नाही, असाही एक पर्याय होता. पण ती नळी तुलनेने लवकर बंद पडते आणि तिला बहुधा पूर्ण भूल लागते. तिसरा पर्याय जांघेतून तार घालून आतूनच मार्ग मोकळा करण्याचा होता आणि तो त्यांनी सुचवला. मात्र ‘काका, चीर लहान आहे म्हणून धोका लहान आहे असं समजू नका’ हे वाक्य त्यांनी स्वतःहून जोडले. फुगा फुगवताना कॅल्शियमचा टोकदार खडक भिंत फाडू शकतो, सुटलेला कण खाली वाहत जाऊन बोटाची धमनी बंद करू शकतो, आणि वाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून सोडलेल्या डायमुळे (रंगद्रव्यामुळे) मूत्रपिंड बिघडू शकते. शिवाय आतून बसवलेला स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, पुन्हा अरुंद होण्याची शक्यता शिवलेल्या नळीपेक्षा अधिक असते. त्यातली सोय एवढीच की तो बहुधा पुन्हा तारेनेच मोकळा करता येतो.

पत्नीला हे सगळे ऐकून धास्ती वाटली आणि तिने विचारले, ‘अहो, औषधांवर नाही का भागणार?’ मुलाला उलट सगळे उद्याच व्हावे असे वाटत होते. मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत मी या पद्धतीचा इतिहास वाचला. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंची मांडीतली धमनी तार आणि नळ्या घालून रुंद केली. त्या बाईंच्या पायाला गँगरीन झाले होते आणि पाय कापून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. पुढे मृत्यूपर्यंत त्या स्वतःच्या दोन्ही पायांवर होत्या. या विषयाची सुरुवातच शस्त्रक्रियेला नकार देणाऱ्या एका वयस्कर रुग्णापासून झाली, याचे मला बरे वाटले, आणि मी होकार कळवला.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगतो. हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा घातली, ती मर्यादा इथे लागू नव्हती. महाधमनी आणि तिच्या फाट्यांसाठी लागणारे आवरणयुक्त स्टेंट तीन, आणि कॅल्शियम फोडणारा खास फुगा एक, असे साहित्य होते. तो फुगा इतका महाग होता की एकच घेऊन दोन्ही बाजूंना वापरायचे ठरले. सगळे मिळून आठ लाखांच्या वर गेले. विमा कंपनीने ‘तीन स्टेंट कशासाठी’ म्हणून दोनदा कागद परत पाठवले आणि अखेर सुमारे निम्मी रक्कम दिली.

सीटीच्या डायने क्रिएटिनिन २ पर्यंत चढले होते, म्हणून ते उतरेपर्यंत दोन आठवडे थांबावे लागले. आदल्या रात्रीपासून सलाइन सुरू झाले, हृदय अशक्त असल्याने तेही मोजून आणि अगदी संथ. मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी बंद केली, जांघा साफ केल्या. सकाळी कॅथ लॅबमध्ये नेल्यावर समजले की मला पूर्ण भूल द्यायची नाही, जागा बधिर करून थोडे गुंगीचे औषध द्यायचे. मला वाटले, हृदयामुळे असेल. ते कारण होतेच, पण दुसरे कारण डॉक्टरांनी हातमोजे घालता घालता सांगितले. फुगा फुगवताना भिंत मर्यादेबाहेर ताणली की रुग्णाला पाठीत किंवा पोटात कळ येते, आणि भिंत फाटण्याआधी मिळणारी तेवढीच सूचना असते. ‘दुखलं तर सहन करू नका, लगेच सांगा,’ असे त्यांनी बजावले. आयुष्यभर सहन करा असे ऐकलेल्या माणसाला ही सूचना विलक्षण वाटली.

जांघेत नाडी नसल्यामुळे सोनोग्राफीवर पाहून, पुढच्या भिंतीवर कॅल्शियम नसलेली जागा शोधून सुया टोचल्या. उजवी तार सहज वर गेली. डावीला पाऊण तास लागला. ती खडकाला धडकून मागे येई, भिंतीच्या थरांत शिरू पाहत असे, आणि प्रत्येक वेळी डॉक्टर ती मागे घेऊन वेगळ्या वाकाची नळी मागत. या पाऊण तासात कोणीही आवाज चढवला नाही, एवढे माझ्या लक्षात आहे. तार पार झाली तेव्हा मात्र खोलीतल्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडल्याचे मला ऐकू आले.

त्यानंतर तो खास फुगा आला. मुतखडा शरीराबाहेरून ध्वनिलहरींनी फोडतात, ते तंत्र १९८० मध्ये जर्मनीत म्युनिकला प्रथम रुग्णावर वापरले गेले. इथे त्याच तत्त्वावर लहरी निर्माण करणारे बारीक विद्युत्‌-अग्र फुग्याच्या आत बसवलेले असतात. फुगा जोराने फुगवायचा नसतो, चार वातावरणांच्या हलक्या दाबाने भिंतीला टेकवायचा आणि सेकंदाला एक याप्रमाणे तीस ठोके द्यायचे. मऊ भिंतीतून ही लहर निघून जाते आणि कठीण थराला तडे पाडते. तंत्रज्ञ ठोके मोजत होता, मला कमरेच्या आत दूरवर कोणीतरी टिचकी मारत असल्यासारखे वाटत होते. डाव्या बाजूच्या तिसऱ्या फेरीनंतर पडद्यावर फुग्याची मधली कंबर नाहीशी होऊन तो सरळ झालेला दिसला. थर निघून गेलेला नव्हता. तो तडकल्यामुळे भिंत आता हलक्या दाबालाही वाट देत होती.

मग स्टेंटची पाळी आली. जी रचना त्यांनी वापरली ती बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या शल्यचिकित्सकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली होती. महाधमनीत फाट्याच्या थोडे वर बारा मिलिमीटरचा आवरणयुक्त स्टेंट बसवतात, त्याचे वरचे तोंड मोठ्या फुग्याने पसरून भिंतीला चिकटवतात, आणि खालच्या तोंडात दोन्ही पायांचे दोन स्टेंट शेजारी शेजारी घालून एकाच वेळी फुगवतात. फाटाच जणू नव्याने बांधायचा. आवरण महत्त्वाचे, कारण भिंतीला चीर गेलीच तर रक्त बाहेर न जाता आवरणाच्या आतूनच वाहते. वरचे तोंड पसरताना मला पाठीत तीव्र कळ आली. मी ‘दुखतंय’ म्हणालो आणि त्याच क्षणी फुगा सोडला गेला. पाठोपाठ मॉनिटरवर रक्तदाब ८० पर्यंत खाली आला. कोणीतरी मोठा फुगा उघडून हातात धरला. महाधमनी फुटली तर वरून प्रवाह अडवण्यासाठी तो तयार ठेवलेला होता, हे मला आधीच सांगितलेले होते, आणि ते माहीत नसते तर बरे झाले असते असे मला वाटले. थोडा डाय सोडून चित्र घेतले, गळती कुठेही नव्हती. कळेमुळे नाडी मंदावून दाब उतरला होता, औषधाने तो पाच मिनिटांत सावरला. डॉक्टरांनी वरचे तोंड तेवढ्यावरच ठेवायचे ठरवले. आणखी पसरले असते तर चित्र अधिक देखणे दिसले असते, असे ते नंतर म्हणाले.

एकूण तीन तास लागले. शेवटच्या चित्रात काळा प्रवाह दोन्ही पायांत एकाच वेळी उतरताना दिसला. नळ्या काढल्यावर दोन्ही जांघा वीस-वीस मिनिटे दाबून धरल्या, वर वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहायला सांगितले. मला सर्वांत जास्त त्रास या सहा तासांचा झाला. संध्याकाळी पत्नीने पावलाला हात लावला आणि ‘गरम आहे’ एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डाव्या पायाचे तिसरे बोट निळे पडले होते. ज्याची सूचना दिली होती तोच प्रकार होता, एखादा कण सुटून खाली गेला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांवर पाच आठवड्यांत रंग पूर्ववत झाला, नख मात्र गेले. क्रिएटिनिन २.२ पर्यंत चढून दहा दिवसांत १.८ वर आले, त्याखाली ते पुन्हा गेले नाही. अंगठ्याचा दाब २४ वरून ५८ झाला. जखम भरायला अडीच महिने लागले, आणि या काळात रोजची पट्टी पत्नीने बांधली.

आता ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन कायमचे आहेत. रक्त पातळ ठेवणारे दुसरे औषध, क्लोपिडोग्रेल, काही महिन्यांनी थांबवले. दर सहा महिन्यांनी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून स्टेंटमधला प्रवाहाचा वेग पाहतात, कारण वेग वाढू लागला तर वाट अरुंद होत आहे असे समजते आणि पूर्ण बंद होण्याआधी हात घालता येतो. गेल्या तपासणीत उजव्या स्टेंटच्या खालच्या टोकाशी वेग किंचित वाढलेला आढळला, पण आजच काही करण्याइतका नाही. चपला बंद करून मी बूट वापरतो. समाधीपर्यंत न थांबता जाता येते, परतीच्या चढावर एकदा थांबावे लागते. पुढचे डॉप्लर वैशाखात आहे.